बाटलीबॉयच्या वर्गातले बाबासाहेब आणि आमची सत्काराची यादी

सावित्रीमाईंच्या जयंतीला, ३ जानेवारीला, आमच्या सरावलीत शिक्षकांचा सत्कार होतो. सरकारचा शिक्षक दिन ५ सप्टेंबरला असतो, तो सरकारने करावा. आमचा शिक्षक दिन सावित्रीमाईंचा. त्यासाठी महिनाभर आधी विहारात बैठक बसते, सतरंजी अंथरली जाते, चहा येतो आणि यादी काढली जाते. यंदाच्या यादीत एक मुख्याध्यापक होते, एक कॉलेजचे प्राध्यापक होते, स्पर्धा परीक्षेचा वर्ग चालवणारे एक सर होते. मागे बसलेल्या एका तरुणाने आणखी एक नाव सुचवले. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवून निवृत्त झालेले एक शिल्पनिदेशक. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरे आज तारापूर एमआयडीसीत जागोजागी कामाला आहेत. तेव्हा कोणीतरी म्हणाले, ते शिक्षक कुठे, ते तर फिटर! हशा झाला आणि नाव गळाले.

आम्ही त्या बैठकीत होतो. वकीलसाहेब म्हणून पुढे बसवले होते. आम्ही हसलो नाही हे खरे, पण बोललोही नाही. घरी आल्यावर ती गोष्ट टोचत राहिली. कारण ज्या तसबिरीखाली ती बैठक झाली, त्या महामानवाने आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे हिशेबनीस घडवणाऱ्या एका क्लासमध्ये शिकवण्यात घालवली होती. तसबिरीखाली एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ अशा पदव्या छापलेल्या असतात. बाटलीबॉयचा क्लास कोणी छापत नाही.

बाबासाहेबांचे चरित्र आपण घटनाकार म्हणून वाचतो, महाडच्या तळ्यावर वाचतो, दीक्षाभूमीवर वाचतो. ते तसे वाचलेच पाहिजे. पण आज आम्हाला ते दुसऱ्या बाजूने सांगायचे आहे. पोटापाण्याचे आणि हाताच्या कसबाचे शिक्षण आपल्या माणसाला कोण देते, कोण नाकारते, या प्रश्नाशी हा माणूस जन्मभर झगडला, त्या बाजूने.

सुरुवात घरातूनच झाली. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करातल्या शाळेत वर्षानुवर्षे मुख्याध्यापक होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत जन्मलेल्या भीमरावाला पहिला शिक्षक घरातच मिळाला. पुढे ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत नाव दाखल झाले. आज महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. तिथे वेगळे बसणे, पाण्यासाठी शिपायाची वाट पाहणे, हे सर्व आपल्या वाचकांना पाठ आहे. आम्ही ते पुन्हा सांगत नाही.

पण केळुसकर गुरुजींपाशी थोडे थांबले पाहिजे. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईत विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. भीमराव होते एल्फिन्स्टन हायस्कूलचे विद्यार्थी. म्हणजे हा त्यांच्या शाळेचा मुलगाही नव्हता! परळच्या चाळीत अभ्यासाला जागा नाही, म्हणून शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसे. गुरुजीही तिथे येत. त्यांनी विचारपूस केली, कोण, कुठला, काय वाचतोस. पुस्तके दिली. मॅट्रिक झाल्यावर सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली, तेव्हा स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. आणि एवढ्यावर न थांबता, पुढच्या शिक्षणाला पैसा नाही हे कळल्यावर खटपट करून सयाजीराव महाराजांपर्यंत हा विषय नेला. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून १९१२ साली बी.ए.ची परीक्षा देता आली.

पुस्तक देणारे शिक्षक पुष्कळ भेटतात. पण या पोराचे पुढे काय, हा प्रश्न आपला समजून दार ठोठावायला जाणारा शिक्षक विरळा. केळुसकर गुरुजी त्या जातीचे होते. आम्ही जात हा शब्द इथे मुद्दाम वापरतो, कारण गुरुजी महार नव्हते आणि त्यांना यात मिळवायचे काहीही नव्हते.

पुढे १९१३ साली न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. तिथे सेलिग्मन हे अर्थशास्त्राचे गुरू. जॉन ड्यूई यांची व्याख्याने. शिक्षण आणि लोकशाही यांचे नाते ड्यूई मांडत होते आणि हा भारतीय विद्यार्थी ते टिपत होता. सेलिग्मन यांनी पुढे बाबासाहेबांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली, तो ग्रंथ १९२५ साली निघाला. बाबासाहेब न्यूयॉर्कला असतानाच, १९१५ च्या नोव्हेंबरात, बुकर टी. वॉशिंग्टन वारले. गुलामीत जन्मलेला हा निग्रो नेता. त्याने टस्केगीला १८८१ पासून संस्था उभी करून आपल्या लोकांना वीटकाम, सुतारकाम, शेती असे हुन्नर शिकवले. बाबासाहेबांची वाट पुढे त्याच्याहून वेगळी झाली. ती कशी, ते पुढे येईलच.

१९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परत यावे लागले. बडोद्याच्या नोकरीत काय झाले ते सर्वश्रुत आहे. शिपाई फायली लांबून फेकत, राहायला घर नाही, पारशी खाणावळीतून काठ्या घेऊन हाकलले. मुंबईला परत आल्यावर या कोलंबियाच्या पंडिताने पोटासाठी काय काय केले, ते मात्र फार सांगितले जात नाही. दोन विद्यार्थ्यांच्या शिकवण्या धरल्या. शेअर बाजाराचा सल्ला देणारी कचेरी काढली. सल्ला चांगला होता, पण सल्लागार महार आहे हे कळताच गिऱ्हाईके गेली. एका पारशी गृहस्थाचा हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळला. आपल्याकडे डिग्री घेऊन बसलेली जी पोरे आज कुठल्यातरी गोदामात चलने लिहीत आहेत, त्यांनी बाबासाहेबांचे १९१८ साल जरूर वाचावे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली, पगार ४५० रुपये. सिडनेहॅम हे व्यापारशिक्षणाचे कॉलेज, १९१३ साली निघालेले. म्हणजे बाबासाहेबांची कॉलेजातली पहिली शिक्षकी झाली ती धंद्यापेशाचे शिक्षण देणाऱ्या कॉलेजात. सुरुवातीला मुलांनी नाके मुरडली. महार प्रोफेसर काय शिकवणार? पुढे असे झाले की दुसऱ्या कॉलेजांतली मुले परवानगी काढून त्यांच्या तासाला बसू लागली. मुले सुधारली, पण प्राध्यापकांच्या खोलीतला पाण्याचा माठ सुधारला नाही. काही सहकाऱ्यांनी त्या माठाला आंबेडकरांनी हात लावू नये अशी हरकत घेतली. पोयबावडीच्या बीआयटी चाळीत संसार, काटकसर, त्यातून लंडनसाठी शिल्लक, आणि मार्च १९२० मध्ये राजीनामा. मधल्या काळात, ३१ जानेवारी १९२० रोजी, मूकनायक निघाला. सरकारी नोकरीत असल्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचे लावावे लागले.

आता बाटलीबॉयकडे येऊ. बॅरिस्टर होऊन बाबासाहेब १९२३ च्या एप्रिलमध्ये परत आले आणि मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. आम्ही स्वतः वकील आहोत म्हणून सांगतो, बॅरिस्टरला काम सॉलिसिटरकडून येते आणि सॉलिसिटर काम देतो तो ओळखीवर, नात्यागोत्यावर. अस्पृश्य बॅरिस्टरला कोण देणार? जिल्हा कोर्टातली, मोफसलची, गरिबांची कामे मिळत. त्यात घर चालेना. म्हणून जून १९२५ पासून मार्च १९२८ पर्यंत बाटलीबॉय अकौंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूट या संस्थेत बाबासाहेब अर्धवेळ व्याख्याते झाले. विषय मर्कंटाइल लॉ, म्हणजे व्यापारी कायदा. करार, भागीदारी, मालाची विक्री, हुंडी, चेक. समोर बसलेले विद्यार्थी कसले? हिशेबनीस व्हायचे, पेढीवर लागायचे, परीक्षा द्यायची, असे पोटार्थी विद्यार्थी.

ही तीन वर्षे कोणती आहेत ते पाहा. १९२४ च्या जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झालेली. जानेवारी १९२५ मध्ये तिचे सोलापूरचे वसतिगृह सुरू झालेले. परळच्या दामोदर हॉलमध्ये कचेरी. १९२७ मध्ये मार्चला महाड, एप्रिलला बहिष्कृत भारत, डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन. मनुस्मृती जाळून आलेला हा पुरुष मुंबईत परत येऊन पोरांना चेक आणि हुंडी यातला फरक शिकवत होता! आम्हाला यात कसलाही कमीपणा दिसत नाही. जो समाज व्यापारातून, हिशेबातून, करारातून हजारो वर्षे बाहेर ठेवला गेला, त्यातला एक माणूस व्यापाराचा कायदा शिकवायला फळ्यापुढे उभा राहिला, ही आमच्या मते महाडच्या जवळपास बसणारी घटना आहे. कोणाला हे वाक्य जास्त वाटेल. वाटो.

याच सुमारास गिरणगावात एक प्रश्न पेटला आणि तिथे बाबासाहेबांनी कसबाच्या शिक्षणाच्या मुळाशी हात घातला. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार हजारोंनी होते, पण साचाखात्यात, म्हणजे विणाईत, त्यांना शिरकाव नव्हता. साचाखात्यातली मजुरी गिरणीतल्या इतर बऱ्याच खात्यांपेक्षा चांगली. मग शिरकाव का नव्हता? कारण धोट्यातली कांडी संपली की नवी घालावी लागते, आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागते. एका कामगाराचे तोंड लागलेला धोटा पाळी बदलली की दुसऱ्याच्या तोंडाला लागतो. महाराचे तोंड लागलेला धोटा मराठा कामगार तोंडाला कसा लावणार? झाले! एवढ्या एका भोकापायी हजारो माणसांना विणकर होण्याची बंदी.

यात मालकाचा लेखी हुकूम नव्हता, सरकारचा कायदा नव्हता. हुन्नर गिरणीत शिकला जातो तो जुन्याच्या शेजारी नव्याने उभे राहून. शेजारी उभेच राहू दिले नाही तर शिकणार कुठे? तंत्रशिक्षण नाकारण्याची ही सर्वांत सोपी रीत होती, आणि ती मजूर बंधूंनीच पाळली होती. १९२८ चा मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की साचाखाते अस्पृश्यांना खुले करा ही मागणी तुमच्या यादीत घाला, नाहीतर आमची माणसे संपात राहणार नाहीत. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी ती मागणी घेतली, पण नाखुशीने. कामगारांची एकजूट वगैरे भाषणे आम्हीही ऐकलेली आहेत. एकजुटीची परीक्षा धोट्याच्या भोकात झाली होती.

१९२८ च्या अखेरीस मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करायला स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. मार्च १९३० मध्ये अहवाल आला. त्यात शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे तर होतीच, शिवाय अस्पृश्य मुलांना गिरण्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये औद्योगिक शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यावी आणि परदेशात इंजिनिअरिंग शिकायला एक शिष्यवृत्ती असावी, अशी शिफारस होती. आमच्या भागातल्या वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी बांधवांनी ध्यानात घ्यावे, ही समिती त्यांच्याही नावाने होती. तेव्हा पालघर, डहाणू, जव्हारचे रान होते, एमआयडीसी नव्हती, अणुवीज केंद्र नव्हते.

१९२८-२९ मध्ये काही महिने सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापकी, मग जून १९३५ ते १९३८ तिथेच प्राचार्यपद. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, म्हणजे प्राचार्यपदाच्या खुर्चीवर असतानाची. कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे यावर त्यांनी कॉलेजच्या नियतकालिकात लेखही लिहिला. आमच्या धंद्यातल्या लोकांनी तो अवश्य शोधून वाचावा. इथे त्यात शिरत नाही.

१९३६ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. त्याच्या जाहीरनाम्यात तंत्रशिक्षणाचा व्यापक कार्यक्रम हे कलम होते. निवडणुकीच्या जाहीरनाम्यात आश्वासने सगळेच देतात, पण १९३६ साली तंत्रशिक्षण हा मतांचा विषय नव्हता. तरी तो घातला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथे बाबासाहेबांनी रेल्वेचा हिशेब मांडला. आमचा माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. पोर्टरही होत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात. आणि वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, फोरमन या जागा त्याच्या वाटेला येत नाहीत. आमच्या पालघर-बोईसरच्या लोकांना रेल्वे लाइनच्या कडेच्या गँगचाळी काय असतात हे सांगायला नको.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. महायुद्ध चालू होते. कारखान्यांना आणि लष्कराला कारागीर हवे होते, म्हणून १९४० पासून सरकारने तांत्रिक प्रशिक्षणाची योजना चालवली होती आणि ती मजूर खात्याकडे होती. गोद्या, कारखाने, रेल्वे यांना लागणारे फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन तिथे घडवले जात. युद्ध संपल्यावर सैनिकांच्या पुनर्वसनासाठी १९४५ मध्ये याच खात्यात महासंचालनालय उभे राहिले, आणि स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, तिच्यातून आजच्या आयटीआय. बाबासाहेबांनीच आयटीआय काढल्या असे काही वक्ते स्टेजवर ठोकून देतात. आम्ही तसे म्हणणार नाही. योजना त्यांच्या आधी सुरू झाली होती आणि आयटीआय त्यांनी मजूर खाते सोडल्यावर आल्या. पण मधली चार वर्षे, १९४६ पर्यंत, ते खाते त्यांच्या हाती होते. ज्यांना धोट्याजवळ उभे राहू दिले नव्हते, त्यांचा माणूस त्या खात्याच्या खुर्चीवर बसला होता. एवढे खरे आहे आणि एवढे पुरे आहे.

त्या खुर्चीवरून त्यांनी काय मागितले? २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन दिले. त्यातला शिक्षणाचा भाग वाचताना आमच्यासारख्या वकिलाला घाम फुटतो. कलाशाखेचे आणि कायद्याचे शिक्षण अनुसूचित जातींना फारसे उपयोगाचे नाही, त्यांना खरी मदत होईल ती विज्ञान आणि तंत्रज्ञान यांच्या वरच्या दर्जाच्या शिक्षणाची, असे त्यांनी स्वच्छ मांडले. लिहिणारा कोण? एम.ए. आणि बॅरिस्टर! या शिक्षणाचा खर्च गरिबाच्या आवाक्याबाहेर आहे म्हणून देशात आणि परदेशात शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्त्या मागितल्या. आणि त्याला जोडून आणखी एक मागणी केली, ती आमच्या आजच्या विषयाचा गाभा आहे. सरकारी छापखाने आणि रेल्वे वर्कशॉप इथे उमेदवार म्हणून, म्हणजे आजच्या भाषेत अ‍ॅप्रेंटिस म्हणून, अनुसूचित जातीच्या मुलांना जागा द्या.

कोलंबियाची डॉक्टरेट घेतलेला मंत्री व्हाइसरॉयकडे छापखान्यातली उमेदवारी मागतो! त्याला ठाऊक होते की परदेशी शिष्यवृत्ती मोजक्यांना मिळेल, आणि बाकीच्या पोरांना कोणातरी उस्तादाच्या शेजारी दोन-तीन वर्षे उभे राहण्याची हक्काची जागा लागेल. गिरणीत ती जागा मिळाली नव्हती. म्हणून ती त्याने सरकारकडे मागितली. १९४३ च्या ऑगस्टमध्ये सरकारी नोकऱ्यांत अनुसूचित जातींना सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास आरक्षण मिळाले, १९४४-४५ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, काही विद्यार्थी परदेशीही गेले.

इथे एक शंका येईल. हाताचे शिक्षण, हाताचे शिक्षण म्हणत आम्ही आमच्या पोरांना पुन्हा हातोडा आणि झाडूकडेच वळवतो आहोत काय? शंका रास्त आहे. बहुजनांच्या पोरांनी हुन्नर शिकावा आणि पोथी आम्ही वाचावी, हा प्रस्थापितांचा जुना डाव आहे. १९५३ साली मद्रासमध्ये राजगोपालाचारींनी अशीच योजना आणली होती. अर्धा दिवस शाळा, उरलेला अर्धा दिवस बापाचा धंदा शिकायचा. चांभाराच्या पोराने चांभारकी, न्हाव्याच्या पोराने हजामत. पेरियार रामसामी आणि द्रविड चळवळीने ती हाणून पाडली, राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि १९५४ मध्ये योजना गुंडाळली गेली. बाबासाहेबांची मागणी याच्या नेमकी उलटी होती. बापाचा धंदा सुटावा म्हणून वर्कशॉप. १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या ग्रंथात त्यांनी दाखवले होते की जात माणसाची कुवत न पाहता जन्माआधीच त्याचे काम ठरवते आणि काम बदलू देत नाही. मेलेले ढोर ओढणाऱ्याच्या मुलाने लेथवर उभे राहणे म्हणजे ते ठरलेले काम मोडणे. आणि टस्केगीच्या वॉशिंग्टनपासून बाबासाहेब वेगळे झाले तेही इथेच. ते विटांवर थांबायला तयार नव्हते. त्यांना फिटरही हवा होता आणि इंजिनिअरही, आणि त्या दोघांना मत आणि कायदा मिळवून द्यायचा होता.

पुढची वर्षे आपण जाणतो. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, जून १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादचे कॉलेज, जे पुढे मिलिंद झाले. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे कचेरीत कारकुनी करणाऱ्या पोराला आधी शिकून मग कामावर जाता यावे. १९५३ मध्ये सिद्धार्थचे वाणिज्य महाविद्यालय निघाले. बाटलीबॉयच्या वर्गात उभे राहिलेल्या माणसाने पंचवीस वर्षांनी आपल्या लोकांसाठी व्यापारशिक्षणाचे कॉलेज काढले, हा धागा चरित्रकारांनी फारसा जोडलेला आम्हाला दिसला नाही. १९५६ मध्ये कायद्याचे महाविद्यालय. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला धम्मदीक्षा आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण.

आता सरावलीला परत येऊ. तारापूर एमआयडीसीचे धुराडे आमच्या घराच्या गच्चीवरून दिसते. रसायने, औषधे, कापड, लोखंड, सगळे आहे. गेटवर ठेकेदाराच्या रजिस्टरात हेल्पर म्हणून नाव घालायला आमची आणि आदिवासी पाड्यांवरची पोरे पहाटेपासून उभी असतात. हेल्परला काही शिकवले जात नाही, आणि अपघात झाला की बहुधा तोच रिअ‍ॅक्टरजवळ असतो. अशी प्रकरणे घेऊन आम्ही कोर्टात उभे राहिलो आहोत. त्याच गेटमधून आयटीआय झालेला पोरगा अ‍ॅप्रेंटिस म्हणून आत जातो, तेव्हा त्याच्या मागे १९६१ चा अ‍ॅप्रेंटिसेस अ‍ॅक्ट असतो. करार लेखी लागतो, तो नोंदवावा लागतो, विद्यावेतन द्यावे लागते, इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर येते. आणि १९७३ मध्ये त्यात घातलेल्या तीन-अ कलमाने अनुसूचित जाती-जमातींसाठी या जागा राखून ठेवायला सांगितले आहे. १९४२ च्या निवेदनातली मागणी एकतीस वर्षांनी कायद्यात उतरली ती अशी.

पण कायदा कागदावर असतो. पोराला फॉर्म भरायला कोण बसवतो? वर्नियर कसा धरायचा, फाइल कशी मारायची, हे शिकवून झाल्यावर कंपनीच्या पर्सोनेल मॅनेजरला फोन कोण करतो? पहिल्या आठवड्यात सुपरवायझरच्या शिव्या खाऊन पळून आलेल्याला परत कोण पाठवतो? आमच्या यादीतून गळालेले निदेशक हेच काम करत आले. चर्नी रोडच्या बागेत केळुसकर गुरुजींनी केले, ते यांनी वर्कशॉपमध्ये केले, आणि आपली पोरे कोणती, परकी कोणती, हे पाहिले नाही.

बैठकीनंतरच्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. झाल्या गोष्टीबद्दल चार शब्द बोललो, नाव पुन्हा मांडतो म्हणालो. त्यांनी ऐकून घेतले, चहा दिला. मग म्हणाले की शाल नको, पण एक काम आहे. ओटीवर सहा-सात पोरे बसली होती, त्यांच्या हातात कराराचे कागद होते. पोरे वाचता सही करतात आणि मग वर्षभर त्यांना झाडू मारायला लावले जाते. वकीलसाहेबांनी शनिवारी संध्याकाळी तासभर येऊन तो कागद त्यांना कलमागणिक समजावून द्यावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. नाव आम्ही पुढच्या बैठकीत मांडणारच आहोत. शनिवारचा तास मात्र गेल्याच आठवड्यात सुरू झाला. पहिल्या दिवशी नऊ पोरे होती. त्यात पाड्यावरच्या दोन मुली, इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या. त्यांनीच सर्वांत जास्त प्रश्न विचारले, आणि त्यातल्या एकाचे उत्तर आम्हाला घरी येऊन पुस्तकात पाहावे लागले.